झटक्यावर झटका

बरेच विकेंड कोरडे गेले. आधी रिलीज होतं, मग रिलीजनंतरचे बग होते, ते रडगाणं तुम्हाला पाठ आहे. पण या वेळी न लिहिण्याचं खरं कारण वेगळं. दिवाळीनंतर, ऐन भातकापणीत, आमच्या मोठ्या काकांना पॅरालिसिसचा झटका आला.

काका मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे राहतात. (माळशेजला पावसात भिजायला जाता ना, त्याच रस्त्याने. भजी खायला थांबता त्याच्या जरा अलीकडे आत वळायचं.) पहाटे त्यांना उठताच येईना. उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडं, जीभ जड. काकी म्हणाली, "अंगावरून वारं गेलं." शेजारच्या म्हातारीनेही तेच निदान केलं. मग तेल कोमट करून चोळणं झालं. कुणीतरी कबुतराचं रक्त सुचवलं. नशीब, कबुतर मिळालं नाही! उजाडल्यावर गाडीची सोय झाली आणि कल्याणला पोचेपर्यंत साडेदहा वाजले. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "नक्की किती वाजता झालं?" हे कुणालाच सांगता येईना. रात्री दहाला झोपले तेव्हा ठीक होते, एवढंच माहीत. म्हणजे हिशोब धरायचा तो दहापासून. साडेबारा तास.

मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे. १९९५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने ते तीन तासांत दिलं तर उपयोगी पडतं हे दाखवलं, आणि २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत ताणली. काकांच्या बाबतीत तो विषयच संपला होता.

आता पाच महिने झालेत. काका भिंतीला धरून उभे राहतात. पाय उचलण्याऐवजी फेकतात, अर्धवर्तुळ काढत. उंबरा आला की अडतात. आणि गेल्या महिन्यात दादाचा (चुलतभावाचा) फोन आला. "तू कॉम्प्युटरवाला ना, बघ जरा. शहरात एक मशीन आलंय म्हणतात. डोक्याला मॅग्नेट लावतात आणि माणूस चालायला लागतो. वीस सिटिंग सांगितल्यात. म्हशी विकाव्या लागतील. विकू का?"

कॉम्प्युटरवाल्याला सगळंच कळतं असा आमच्या घरात समज आहे. प्रिंटरपासून पॅरालिसिसपर्यंत! पण म्हशींचा प्रश्न होता, त्यामुळे "बघतो" म्हणून विसरून जाणं शक्य नव्हतं. मी तीन शनिवार-रविवार वाचत बसलो. सुरुवात त्या क्लिनिकच्या पत्रकापासून केली आणि पोचलो थेट रोमन साम्राज्यात. हा लेख म्हणजे त्या प्रवासाची डायरी समजा. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी त्या 'वाऱ्या'बद्दल. मला वाटायचं ही आमच्याकडची अडाणी समजूत. तसं नाहीये. चरकसंहितेत हा आजार वातव्याधींमध्ये येतो, तिथे त्याला 'पक्षवध' म्हटलंय. सुश्रुतात 'पक्षाघात' आहे. आपला 'अर्धांगवायू' हा शब्दही वायूचाच. म्हणजे सरळगावच्या म्हातारीच्या तोंडी जे वारं आहे, ते दोन हजार वर्षांच्या वैद्यकशास्त्राचं उरलंसुरलं बोट आहे. आणि निरीक्षण म्हणून त्यात काही चूक नाही. माणूस धडधाकट झोपतो आणि सकाळी अर्धं अंग गेलेलं असतं, बाहेर जखम नाही, रक्त नाही. वाऱ्याशिवाय दुसरं काय असणार?

युरोपातही वेगळं चित्र नव्हतं. तिथे ॲपोप्लेक्सी म्हणत, अर्थ साधारण 'फटका बसून कोसळणं'. १६५८ साली योहान याकोब वेप्फर नावाच्या स्विस डॉक्टरने असे रुग्ण मेल्यावर त्यांची डोकी उघडून पाहिली आणि लिहिलं की मेंदूत रक्तस्राव झालेला दिसतो. शिवाजी महाराज कल्याण-भिवंडी घेत होते त्याच सुमाराची ही गोष्ट. तेव्हापासून निदान शास्त्रापुरता तरी हा आजार हातापायांतून निघून डोक्यात गेला. भाषेत मात्र तो अजून अंगावरूनच जातोय. आणि वारं अंगावरून गेलं म्हटलं की हात आपोआप तेलाच्या बाटलीकडे जातो, गाडीच्या किल्लीकडे जात नाही. पहाटेचे ते तीन-चार तास आम्ही असे घालवले. ते आधी घालवले असते तर फायदा झालाच असता असं नाही, पण डॉक्टरांना निदान विचार तरी करता आला असता.

आता झटक्यावर झटका. विजेने माणूस बरा करायची कल्पना वीज 'सापडण्याच्या' कितीतरी आधीची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस हा रोमन वैद्य डोकेदुखीवर उपाय सांगतो, की जिवंत टॉर्पेडो मासा, म्हणजे विजेचा झटका देणारा मासा, दुखऱ्या जागेवर ठेवा, बधिर होईपर्यंत. संधिवातालाही तोच मासा, पायाखाली. विनोदी वाटतं, पण तत्त्वतः फिजिओथेरपीच्या दुकानातला दुखणं मारणारा 'करंट' यापेक्षा फार वेगळा नाही. बॅटरी तेवढी पोहायची.

मग आले गॅल्वानी. बोलोन्याचे. १७९१ मध्ये त्यांनी बेडकाच्या पायांचे प्रयोग छापले, ते आपण सातवी-आठवीत शिकलोच. त्यांचा भाचा जिओव्हानी आल्दिनी मात्र शाळेच्या पुस्तकात नसतो, कारण तो जरा भारीच प्रकार होता. १८०३ साली लंडनमध्ये त्याने नुकत्याच फाशी दिलेल्या जॉर्ज फॉर्स्टर नावाच्या कैद्याच्या प्रेताला बॅटरीच्या तारा लावल्या. जबडा हलला, एक डोळा उघडला, लोकांची बोबडी वळली. पण त्याच्या दोन वर्षं आधी त्याने एक शांत प्रयोगही केला होता. लुइजी लान्झारिनी नावाचा २७ वर्षांचा शेतकरी, खोल उदासीनतेने इस्पितळात पडलेला. आल्दिनीने त्याच्या डोक्याला मंद विद्युतप्रवाह दिला आणि तो सुधारला, असं लिहून ठेवलंय. कवटी न उघडता मेंदूवर वीज वापरायचा हा बहुधा पहिला नीट नोंदलेला उपचार. शेतकरीच होता, हे वाचून मला उगाच काका आठवले.

एकोणिसाव्या शतकात युरोपात वीज-उपचारांचा सुळसुळाट झाला. पॅरिसला द्युशेन नावाचे डॉक्टर (१८५५ चं त्यांचं पुस्तक प्रसिद्ध आहे) ओलसर पॅड कातडीवर ठेवून एकेक स्नायू वेगळा हलवून दाखवत. पॅरालिसिसच्या रोग्यांना करंट देण्याची पद्धत तिथून रुळली. पण हे सगळं हातापायांवर. मेंदू हलवता येतो का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. उलट बहुतेक मोठ्या शास्त्रज्ञांचं मत होतं की मेंदूचा वरचा थर टोचा, कापा, काहीही करा, तो मुका आहे.

हे मत मोडलं ते एदुआर्द हिट्झिग या डॉक्टरने, आणि तेही अपघाताने. तो रोग्यांच्या डोक्याला करंट देत असे. कानांमागे पॅड लावले की रोग्याला गरगरतं आणि डोळे आपोआप हलतात, हे त्याच्या लक्षात आलं. (गरगरण्याची नोंद चेक शास्त्रज्ञ पुर्किन्येने त्याच्या अर्धशतक आधी केली होती. म्हणजे वीज आणि तोल यांचं नातं फार जुनं.) हिट्झिगला वाटलं, डोळे हलतात म्हणजे मेंदूतूनच हुकूम जात असणार. १८७० मध्ये गुस्ताव फ्रिट्श या सहकाऱ्याबरोबर त्याने बर्लिनमध्ये कुत्र्याच्या उघड्या मेंदूवर अगदी थोडा करंट दिला. विद्यापीठात जागा नव्हती म्हणून प्रयोग हिट्झिगच्या घरी झाले. मेंदूच्या एका ठरावीक ठिपक्यावर तार टेकवली की विरुद्ध बाजूचा पाय हलतो, शेजारच्या ठिपक्यावर दुसरा स्नायू. मुका मेंदू बोलला! काकांची गुठळी डावीकडे आणि लुळेपण उजवीकडे का, याचा पुरावा बर्लिनच्या त्या घरातही हाताला लागला.

यापुढचा भाग वाचताना मला त्रास झाला. १८७४, अमेरिकेतलं सिनसिनाटी शहर. मेरी रॅफर्टी नावाची मोलकरीण. डोक्यावरच्या कॅन्सरच्या जखमेने तिची कवटी खाल्लेली, मेंदू उघडा पडलेला. रॉबर्ट बार्थोलो या डॉक्टरने तिच्या मेंदूत सुया घालून करंट दिला. डाव्या बाजूला दिल्यावर उजवा हात-पाय ताठ झाला. मग त्याने करंट वाढवला, तिला फिट्स आल्या, आणि काही दिवसांतच ती गेली. टीका झाली, बार्थोलोने खेदही व्यक्त केला, आणि शास्त्राला पुरावा मिळाला की माणसातही हे चालतं. गरीब बाई, बरी होणार नाही हे माहीत, विचारणारं कोणी नाही. 'नवीन मशीन आलंय' हे वाक्य ऐकलं की मेरी रॅफर्टी आठवावी, असं मला तेव्हापासून वाटायला लागलंय.

म्हणजे प्रश्न असा उरला, की कवटी न फोडता आत शिरायचं कसं? उत्तर इंजिनिअरांनी सेकंड इयरला घोकलेलं असतं. फॅराडे, १८३१. बदलतं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या वाहकात विद्युतप्रवाह निर्माण करतं. आणि चुंबकीय क्षेत्राला कवटीचा अडथळा होत नाही. हे लक्षात आल्यावर लोकांनी काय केलं असेल? बरोबर. डोकंच कॉइलमध्ये घातलं. १८९६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ द'आर्सोन्व्हालने हे केलं (हो, गॅल्व्हानोमीटरवाला तोच). डोळ्यांपुढे चमक दिसली, चक्कर आली. १९१० मध्ये लंडनच्या सिल्व्हेनस थॉम्प्सननेही मोठी कॉइल गुंडाळून डोकं आत घातलं, तेच दिसलं. हा थॉम्प्सन म्हणजे 'कॅल्क्युलस मेड ईझी'वाला, ज्याच्या पुस्तकाने कित्येक पिढ्यांची एटीकेटी वाचवली. ते पुस्तकही १९१० चंच! एकाच वर्षात माणूस कॅल्क्युलस सोपं करतो आणि डोकं चुंबकात घालतो, धन्य आहे. पण ती चमक मेंदूतली नव्हती, डोळ्याच्या पडद्यातली होती, हे नंतर कळलं. मेंदूला हलवायला क्षेत्र फार जोरात आणि फार थोड्या वेळात बदलावं लागतं. तेवढी इलेक्ट्रॉनिक्स यायला अजून पाऊणशे वर्षं होती.

मधल्या काळात आपल्याकडे काय चाललं होतं? १९५३ साली मुंबईत केईएममध्ये देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. पोलिओचा तो काळ. १९५५ मध्ये हाजीअलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. आज कल्याण-बदलापूरच्या गल्लीतल्या फिजिओथेरपिस्टकडे जे चालतं, त्याची गंगोत्री ही. त्या मशीनवरच्या बटणांवर अजून 'फॅराडिक' आणि 'गॅल्व्हॅनिक' लिहिलेलं असतं. काकांना कल्याणला तोच करंट लावला आणि त्यांना तो आवडला, कारण काहीतरी होतंय असं वाटतं. १९६१ मध्ये अमेरिकेत लिबरसन या डॉक्टरने तर बुटाच्या टाचेत स्विच बसवला होता. पॅरालिसिसचा रोगी पाय उचलायला लागला की स्विच सुटतो, गुडघ्याजवळच्या नसेला झटका बसतो आणि लोंबणारं पाऊल बरोबर त्या क्षणी वर उचललं जातं. काय सुंदर डिझाइन आहे! ना प्रोसेसर, ना सॉफ्टवेअर.

पण हे सगळं पायाचं. मेंदूचा दरवाजा उघडला १९८० मध्ये. लंडनला मर्टन आणि मॉर्टन यांनी जागत्या, धडधाकट माणसाच्या डोक्यावर कातडीवरूनच प्रचंड व्होल्टेजचा एक क्षणिक झटका दिला आणि विरुद्ध बाजूचा हात हलला. अडचण एकच, भयंकर दुखायचं. मग १९८५ मध्ये शेफिल्डला अँथनी बार्कर, जलिनस आणि फ्रीस्टन या तिघांनी फॅराडेचा जुना नियम नव्या कपॅसिटरला जोडला. डोक्यावर कॉइल धरायची, मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळात हजारो अँपिअर सोडायचे. 'टक्' असा आवाज, आणि बोटं उडतात. दुखत नाही. थॉम्प्सनने मान डोलावली असती.

हेच ते मॅग्नेटचं मशीन. टीएमएस. सुरुवातीला त्याचा उपयोग तपासणीपुरता होता, म्हणजे मेंदूपासून स्नायूपर्यंतची वायर शाबूत आहे का हे बघायला. पिंग मारल्यासारखं. पुढे कळलं की पुन्हापुन्हा टकटक केली तर मेंदूचा तो भाग काही काळ जास्त उत्तेजित किंवा जास्त शांत राहतो, वेगावर अवलंबून. मग उपचाराची दारं उघडली. अमेरिकेत २००८ मध्ये डिप्रेशनसाठी त्याला मान्यता मिळाली, आणि डिप्रेशनमध्ये त्याला आज चांगला आधार आहे. दुसरा प्रकार आणखी स्वस्त. २००० साली जर्मनीत निट्शे आणि पाउलुस यांनी दाखवलं की मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला लावून फक्त १ मिलिअँपिअर करंट काही मिनिटं दिला, तरी मेंदूचा प्रतिसाद बदलतो आणि करंट बंद केल्यावरही काही वेळ बदललेला राहतो. आल्दिनी दोनशे वर्षांनी बरोबर ठरला म्हणायचा, निदान अर्धा.

आता मुद्द्यावर येतो. काकांचा पाय.

बार्करच्या प्रयोगात बोटं उडाली, पाय नाही, आणि याला कारण आहे. मेंदूत हातापायांचा नकाशा असतो (पेनफिल्डने तो १९३७ मध्ये नीट मांडला). हात आणि चेहरा बाहेरच्या बाजूला, ऐसपैस. पाय मात्र दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत, आत घडी घालून ठेवलेला. चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने कमी होतं, त्यामुळे पायापर्यंत पोचायला मोठी, कोनात वाकवलेली कॉइल लागते. आणि पोचलात तरी डाव्या-उजव्या पायांचे भाग एकमेकांना चिकटून. एकाला टक् करायला जावं तर दुसऱ्यालाही लागतं. म्हणून या क्षेत्रातले बहुतेक प्रयोग हातावर झालेत. पत्रकात हे नसतं.

शिवाय चालणं म्हणजे नुसता पाय नव्हे. तोल लागतो, आणि तोलाचं बरंच काम मागच्या बाजूला, लहान मेंदूत चालतं. इथे मला वाचलेल्यांपैकी सगळ्यात आशादायक प्रयोग सापडला. रोममध्ये कोख आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये छापलेला. अर्धांगवायूचे ३६ रोगी, लहान मेंदूवर चुंबकाच्या टकटकीचे झटपट डोस, तीन आठवडे, प्रत्येक वेळी जोडीला फिजिओथेरपी. निम्म्यांना खरं मशीन, निम्म्यांना खोटं, आवाज तोच. तोल मोजायला बर्ग स्केल वापरली. त्यात १४ साध्या कृती असतात. खुर्चीतून उठा, डोळे मिटून उभे राहा, एका पायावर उभे राहा, असं करत ५६ पैकी मार्क. खऱ्या मशीनवाल्यांचा तोल जास्त सुधारला, चालही सुधारली. मी खूश होऊन दादाला फोन लावणार होतो. मग आकडा पुन्हा बघितला. ३६. आमच्या टीममध्ये इतक्या युजर्सवर टेस्ट करून कोणी बटणाचा रंगही बदलू देणार नाही.

आणि मोठ्या चाचण्यांचं काय झालं? एक गोष्ट मुद्दाम सांगतो. एक सिद्धांत असा होता की मेंदूचे दोन अर्धे एकमेकांना दाबून ठेवतात. एकाला झटका आला की दुसरा शिरजोर होतो आणि आजारी अर्ध्याला डोकं वर काढू देत नाही. (जावा-जावांचं राजकारण म्हणा.) तर चांगल्या बाजूला मॅग्नेटने शांत करा, म्हणजे आजारी बाजू उठेल. ऐकायला एकदम पटतं. लहान लहान प्रयोगांत फायदाही दिसला. मग १९९ रोग्यांवर नीट चाचणी झाली, हातासाठी, २०१८ मध्ये छापून आली. खऱ्या मशीनने साधारण दोन तृतीयांश लोक सुधारले. खोट्या मशीननेही साधारण दोन तृतीयांश! कारण दोन्ही गटांना कसून व्यायाम दिला होता. सुधारणा खरी होती, श्रेय चुकीच्या खात्यात जमा होत होतं. आता असंही मानतात की मेंदूचं फार नुकसान झालेलं असेल तर तीच चांगली बाजू मदत करत असते, तिला गप्प करून उलट तोटा व्हायचा.

चालण्याच्या बाबतीतही एक भलीथोरली चाचणी आहे, मशीन वेगळं. रोग्याला पट्ट्यांनी वरून टांगून ट्रेडमिलवर चालवतात, त्याची. अमेरिका, २०११, ४०८ रोगी. काहींना ट्रेडमिल, काहींना घरी येऊन फिजिओथेरपिस्टने करून घेतलेले साधे व्यायाम. एका वर्षाने बघितलं तर फरक नाही. निम्म्याहून थोडे जास्त, ५२ टक्के लोक, चालण्यात वरच्या पायरीला गेले, मग ते मशीनवर चालले असोत की स्वैपाकघराच्या ओट्याला धरून.

हे वाचून मी टेबलावर हात आपटला. झालं की! मशीन नको, घरीच करू. पण शहाणपणा इतक्यात संपत नाही, कारण आपल्याच देशातली चाचणी पुढे आली. १४ भारतीय रुग्णालयं, १२५० रोगी, २०१७ मध्ये प्रसिद्ध. घरच्या माणसांनाच शिकवायचं आणि घरी व्यायाम करून घ्यायचे. आपल्यासारख्या देशाला किती सोयीचं! निकाल असा की सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के लोक एकतर दगावलेले किंवा परावलंबी. घरच्यांना शिकवल्याने काही फरक पडला नाही.

या दोन चाचण्या शेजारी ठेवून मी बराच वेळ बघत होतो. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. अमेरिकेतल्या 'साध्या' व्यायामाला ३६ भेटी होत्या, प्रत्येक दीड तासाची, आणि करून घेणारा शिकलेला माणूस होता. आपल्याकडे ते काम सुनेवर टाकलं, जी पहाटेपासून चूल, गोठा आणि पोरं बघतेय. मेंदू नवीन वाट पाडतो हे खरं. १९९६ मध्ये रॅन्डॉल्फ नूडो यांनी माकडांवर ते दाखवलं, की झटक्यानंतर हात वापरायला लावला तर शाबूत मेंदूतला हाताचा नकाशा टिकतो, नाहीतर तोही आकसतो. पण वाट पडायला पावलं पडावी लागतात, हजारोंनी, आणि शेजारी कोणीतरी धरायला लागतं. टंचाई मॅग्नेटची नाहीच. टंचाई त्या दीड तासाच्या माणसाची आहे.

गडचिरोलीचं उदाहरण देऊन थांबतो. तिथे 'सर्च'च्या टीमने ८६ गावांतला प्रत्येक मृत्यू दोन वर्षं नोंदवला. न्यूरॉलॉजिस्ट डॉ. योगेश्वर काळकोंडे त्यात होते. २०१५ मध्ये ते छापून आलं. मलेरिया, क्षय, साप असं काहीतरी पहिल्या नंबरवर असेल असं आपल्याला वाटतं. पहिल्या नंबरवर होता पक्षाघात. १४.३ टक्के मृत्यू. आणि त्यातले बहुतेक घरीच. शहापूर-मुरबाड गडचिरोलीपेक्षा मुंबईला कितीतरी जवळ. भातसा-तानशाचं पाणी शहापुरातून रोज मुंबईच्या नळाला पोचतं. उलट दिशेने न्यूरॉलॉजिस्ट येत नाही. आसनगावला लोकल येते तरी, मुरबाडला तीही नाही.

तर दादाला काय सांगितलं? म्हशी विकू नको. मॅग्नेट म्हणजे फसवणूक आहे असं मी म्हटलं नाही, कारण तसं मला वाटत नाही. रोमसारखे प्रयोग मोठ्या संख्येने झाले आणि टिकले तर उद्या हेच मशीन कल्याणच्या सरकारी इस्पितळात दिसावं. पण आज, म्हशी विकून, पत्रकावरच्या शब्दावर नको. एखाद्या मोठ्या रुग्णालयात रीतसर चाचणी चालू असेल, फुकट असेल, तर जरूर विचारू. (तिथेही आधी फिट्सचा त्रास, डोक्यातलं धातूचं काही, पेसमेकर, हे विचारतात. पत्रकवाल्यांनी काकांना यातलं एकही विचारलं नव्हतं.) एका सिटिंगच्या पैशात मुरबाडचा एक तरुण फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा मोटरसायकलवर घरी यायला तयार झाला. त्याने पहिल्याच दिवशी उंबऱ्यावर लाकडी फळी टाकून उतार केला आणि गोठ्याच्या वाटेला बांबूचं कठडं लावून घेतलं. आम्हाला पाच महिन्यांत हे सुचलं नव्हतं. बीपीच्या गोळ्या काकांनी 'आता बरं वाटतंय' म्हणून दसऱ्यापासून बंद केल्या होत्या, त्या आता काकी समोर उभी राहून देते.

आणि घरात एक कागद चिकटवलाय. तोंड वाकडं, हात लटका, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळात बघायचं, वेळ लिहायची आणि १०८ ला फोन करायचा. खाली काकीने पोराकडून लिहून घेतलंय, 'तेल नंतर'.

गेल्या रविवारी मी गेलो होतो. काका कठड्याला धरून निघाले, उजवा पाय तसाच अर्धवर्तुळ काढत. ओटीपासून गोठ्यापर्यंत ते मोठ्याने पावलं मोजतात, फिजिओने सांगितलंय. तेवीसला थांबले, श्वास घेतला. मी विचारलं, "काका, दमलात का?" म्हणाले, "दमलो नाय रे. आकडा इसरलो. पयल्यापास्नं घेतो." आणि वळायला लागले.